हायड्रोपोनिक्समध्ये सामू राखायला वर्षाला किती खर्च येतो? आधी पाण्याचा हिशेब, मग यंत्राचा

पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस, बेसिल, पालक पाण्यावर घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या कोटेशनमध्ये ‘ऑटोमॅटिक पीएच कंट्रोलर’, म्हणजे पाण्याचा सामू (पीएच) मोजून आपोआप ॲसिड सोडणारे यंत्र, ही ओळ हमखास असते. पुढे एक रक्कम असते आणि सगळी चर्चा त्या रकमेवर होते. पण ती रक्कम एकदाच जाते. वर्षानुवर्षे जातो तो पैसा ॲसिडचा, प्रोबचा (सामू मोजणारी काचेची दांडी), बफरचा (तिचा आकडा तपासायचे ठराविक सामूचे द्रावण), नळीचा आणि माणसाच्या वेळेचा. यातला सगळ्यांत मोठा भाग यंत्रावर ठरत नाही, तुमच्या बोअरच्या पाण्यात किती बायकार्बोनेट आहे त्यावर ठरतो. म्हणून माझा आग्रह आहे की कोटेशन मागवण्याआधी पाण्याचा हिशेब करावा. तो कसा करायचा आणि त्यावरून वर्षाचा खर्च कसा काढायचा, ते इथे क्रमाने देतो आहे.

उदाहरणात धरलेले दर फक्त आकडेमोडीसाठी आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या दुकानदाराचे दर त्या जागी घाला. पद्धत तीच राहील.

आधी सामू आणि क्षारता यांतला फरक

लेट्यूससारख्या पिकाला द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान लागतो. त्याच्या वर गेला की लोह, मँगॅनीज, जस्त मुळांना मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. फार खाली गेला तर मुळे भाजतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलणे मंदावते.

बोअरचा सामू ७.८ आहे एवढ्यावरून ॲसिड किती लागेल ते मात्र कळत नाही. दोन बोअरचा सामू सारखाच ७.८ असेल आणि एकाला दुसऱ्याच्या पाचपट ॲसिड लागेल, असे सर्रास होते. ॲसिड खाऊन टाकते ते पाण्यातले बायकार्बोनेट, आणि पाण्याच्या ॲसिड पचवण्याच्या या ताकदीलाच क्षारता म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ते प्रतिलिटर मिलिइक्विव्हॅलंटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. बायकार्बोनेटचे ६१ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट. अहवालात ‘एकूण क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असे लिहिले असेल तर ५० ने भागा. म्हणजे क्षारता ३०० असेल तर ६ मिलिइक्विव्हॅलंट.

महाराष्ट्रात हा आकडा जागेप्रमाणे खूप बदलतो. दख्खनच्या काळ्या कातळातून वर येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात बोअरवर चालणाऱ्या पॉलिहाऊसला ॲसिडचा खर्च धरावाच लागतो. कोकणात जांभ्या दगडातले पाणी मृदू असते. सह्याद्रीतल्या धरणांचे, नळाने येणारे पाणीही सहसा मृदूच. पुण्यात किंवा ठाण्यात गच्चीवर १०० लिटरची टाकी चालवणाऱ्याला ॲसिड चमच्याने मोजण्याइतकेच लागते. विदर्भात पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा हा वेगळाच विषय आहे. तिथल्या पाण्यात सोडियमही आहे, आणि ॲसिड ओतून सामू उतरला तरी सोडियम जागच्या जागीच राहते. अशा पाण्यावर सामूचे यंत्र बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिथे पावसाचे साठवलेले पाणी किंवा आरओ, याशिवाय मार्ग नाही.

पायरी पहिली: बादलीतली चाचणी

पाणी परीक्षण कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करून घ्याच. सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडे तिथूनच मिळतात. पण ॲसिडचा अंदाज घरीही बरोबर काढता येतो.

लागते ते एवढेच: १० लिटर पाण्याची प्लॅस्टिकची बादली, नीट कॅलिब्रेट केलेला (बफरमध्ये बुडवून आकडा जुळवून घेतलेला) सामू पेन, १० मिलिची सिरिंज, आणि वापरायचे ठरवलेले ॲसिड ५ टक्के विरळ करून. विरळ करताना मापाच्या भांड्यात ९५० मिलि पाणी आधी घ्या आणि त्यात ५० मिलि ॲसिड हळूहळू सोडा. उलट कधीही करू नका. ॲसिडवर पाणी पडले की ते उकळून उडते.

आता बादलीत १० मिलि सोडा, लाकडी नव्हे तर प्लॅस्टिकच्या काठीने ढवळा, दोन मिनिटे थांबा, सामू वाचा, वहीत लिहा. पुन्हा १० मिलि. पहिली काही मापे पडतात तेव्हा निराशा होते, कारण काटा हलत नाही. ७.८ चा ७.२, मग ६.९, मग ६.७. बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसू लागतात. तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. सहाच्या खाली गेल्यावर मात्र प्रत्येक मापाला सामू भराभर उतरतो, म्हणून तिथून २ मिलिच्या मापाने जा आणि ५.८ ला थांबा. बादली रात्रभर उघडी ठेवा. विरघळलेला वायू निघून गेला की सकाळी सामू वर चढलेला असतो. पुन्हा थोडे ॲसिड घालून ५.८ वर आणा. दोन्ही दिवसांचे मिलि मिळवा. हा आकडा खरा.

समजा ६८ टक्के नायट्रिक ॲसिड विरळ करून वापरले आणि १० लिटरला ६७ मिलि लागले. १,००० लिटरला ६.७ लिटर विरळ ॲसिड, म्हणजेच मूळचे सुमारे ३३३ मिलि. कागदावर ताळा पाहू. ६ मिलिइक्विव्हॅलंट क्षारतेतले ५ मारायचे आणि १ राखायचे असे ठरवले, तर १,००० लिटरला ५,००० मिलिइक्विव्हॅलंट ॲसिड लागते. ६८ टक्के नायट्रिकच्या एका मिलित सुमारे १५ असतात. ५,००० भागिले १५ म्हणजे ३३३. बादली आणि कागद जुळले.

थोडी क्षारता का राखायची? ती पूर्ण मारली तर द्रावणाला आधार उरत नाही आणि ॲसिडचे चार थेंब जास्त पडले तरी सामू चारवर कोसळतो.

पायरी दुसरी: ॲसिड कोणते

दुकानात ‘पीएच डाऊन’ नावाची रंगीत बाटली मिळते. तिच्यात बहुधा विरळ फॉस्फोरिक ॲसिड असते. गच्चीवरच्या टाकीला ती सोयीची आणि त्यातल्या त्यात सुरक्षित. पॉलिहाऊसला ती परवडत नाही, कारण त्या विरळ ॲसिडाच्या भावात आपण बरेचसे पाणीच विकत घेत असतो.

फॉस्फोरिक, ८५ टक्के. एका मिलित सुमारे १५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे वरच्या उदाहरणात तेवढेच, ३३३ मिलि लागेल. पण त्याबरोबर प्रतिलिटर सुमारे १५० मिलिग्रॅम स्फुरद पाण्यात जाईल. लेट्यूसला ३० ते ५० पुरते. उरलेले कॅल्शियमशी बसून टाकीच्या तळाला पांढरा साका होतो, लोह आणि जस्तही अडकवते. म्हणजे ॲसिड महाग, वर विकत घेतलेली खतेही वाया. मृदू पाण्याला हे चांगले ॲसिड आहे, जड पाण्याला नाही.

नायट्रिक. माझ्या मते दख्खनच्या बोअरसाठी हेच योग्य. ५ मिलिइक्विव्हॅलंट मारताना प्रतिलिटर ७० मिलिग्रॅम नायट्रेट नत्र मिळते, आणि ते पिकाला हवेच असते. तेवढे कॅल्शियम नायट्रेट कमी करता येते. अट एकच: कॅल्शियमची उणीव पाण्यातल्या कॅल्शियमने भरून निघाली पाहिजे. अहवाल हातात असेल तर हे दोन मिनिटांत कळते.

सल्फ्युरिक, ९८ टक्के. एका मिलित सुमारे ३६, त्यामुळे १४० मिलित काम होते आणि खिशाला सगळ्यांत हलके. पण प्रतिलिटर ८० मिलिग्रॅम गंधक जाते, फिरत्या द्रावणात ते साठत जाते, आणि हाताळायला हे सगळ्यांत भयंकर. शेतावर सवयीचा, प्रशिक्षित माणूस नसेल तर आणू नका.

सायट्रिक, म्हणजे लिंबूसत्त्व. ‘सेंद्रिय’ म्हणून अनेकजण वापरतात. त्याच १,००० लिटरला जवळपास पावणेपाचशे ग्रॅम लागेल. वर द्रावणातले जिवाणू ते खाऊन टाकतात, एकदोन दिवसांत सामू पुन्हा चढतो, आणि पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो. चाचणीपुरते किंवा अडीअडचणीला ठीक.

खरेदीबद्दल एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेता ओळखपत्र पाहतो, नाव-पत्ता नोंदवतो, कारण विचारतो. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, पावती जपून ठेवा. लेबलवर टक्केवारी बघा. नायट्रिक ६० टक्केही मिळते आणि त्याच्या एका मिलित १५ नव्हे, १३ असतात. भाव तुलताना कॅनचा भाव बघू नका, त्यातल्या मिलिइक्विव्हॅलंटचा बघा.

पायरी तिसरी: येणारे पाणी आधीच सुधारा

सगळ्यांत जास्त पैसा आणि डोकेदुखी वाचते ती या पायरीत. सर्वसाधारण मांडणीत बोअरचे पाणी थेट द्रावणाच्या टाकीत पडते आणि कंट्रोलर दिवसभर ॲसिड सोडत त्याच्या मागे धावतो. टाकीत पाणी पडले की सामू उसळी मारतो, पंप चालू, मग अतिरेक, मग पुन्हा वर. मुळांना हा झोका सोसत नाही, आणि पंपाची नळीही यानेच लवकर फाटते.

त्याऐवजी एक वेगळी टाकी ठेवा. उद्या लागणारे पाणी आज संध्याकाळी तिच्यात भरा. बादलीच्या चाचणीवरून आलेले ॲसिड मोजून, विरळ करून सोडा. छोटा पंप लावून पाणी तासभर वरून खाली पडत राहू द्या, म्हणजे वायू निघून जाईल. सकाळी सामू बघा, गरज असेल तर किंचित सुधारा, आणि हेच पाणी द्रावणाच्या टाकीला द्या. आता द्रावणात उरते ते फक्त पिकामुळे होणारे चढउतार.

तेही कमी करता येतात. पीक नायट्रेट उचलते तेव्हा मुळे बदल्यात अल्कधर्मी आयन सोडतात, म्हणून सामू चढतो. अमोनियम उचलते तेव्हा उलट होते. एकूण नत्रापैकी ५ ते १० टक्के अमोनियम रूपात दिले की चढ मंदावतो. ठिबकवाल्यांच्या ओळखीतला उपाय म्हणजे ००:५२:३४ या अमोनियम नसलेल्या खताचा थोडा भाग काढून तिथे १२:६१:०० हे अमोनियमचे खत घालणे. उन्हाळ्यात मात्र हात आखडता घ्या, कारण गरम द्रावणात जास्त अमोनियम मुळांना बाधते.

आणखी एक बचत लोहात आहे. लोह विरघळलेले राहावे म्हणून ते ईडीटीए किंवा डीटीपीए या रसायनाशी बांधून विकतात. ते ईडीटीए रूपात असेल तर सामू सहाच्या वर गेला की ते निसटू लागते, म्हणून लोक ५.८ ला घट्ट धरून बसतात. डीटीपीए रूपातले लोह सातपर्यंत टिकते. किलोला भाव जास्त, पण ५.५ ते ६.५ हा पूर्ण पट्टा वापरायला मिळतो आणि ॲसिडही तेवढे कमी जाते. यंत्रावर ५.८ चा आकडा स्थिर दिसावा म्हणून ॲसिड खर्च करणे पिकाच्या कामाचे नाही.

पायरी चौथी: प्रोब ही खपणारी वस्तू आहे

कोटेशनमध्ये प्रोब यंत्राबरोबर येतो, त्यामुळे तो यंत्राइतकाच टिकेल असे वाटते. तसे नाही. सतत द्रावणात राहणारा प्रोब साधारण एक ते दोन वर्षे चालतो. नीट न सांभाळलेला सहा महिन्यांत जातो. काचेचा तो वाटाण्याएवढा फुगा आणि त्याच्या बाजूची सच्छिद्र चकती, एवढ्यावर सगळे अवलंबून आहे. चकती चुन्याने किंवा शेवाळाने बुजली की आकडा संथ होतो. कॅलिब्रेशन करताना ३० सेकंदांत स्थिरावणारा आकडा दोनतीन मिनिटे हळूहळू सरकत राहिला, तर समजा की वेळ आली.

आठवड्याला एकदा प्रोब बाहेर काढा. फुग्यावर पांढरट कवच दिसले तर तो चुना. पाच-दहा मिनिटे अगदी विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवा, ते निघेल. हिरवट, बुळबुळीत थर असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशने हलकेच. काच घासू नका, टिपून घ्या. मग तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवा आणि नंतरच कॅलिब्रेट करा.

साठवणीचे द्रावण घरी करता येते. १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात २२.४ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराइड. खताचे पोटॅश नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्या. नुसत्या डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात प्रोब ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य संपवणे, कारण आतले क्षार बाहेर झिरपतात.

आमच्याकडे वीज जाते हेही लक्षात घ्या. पाइपमध्ये बसवलेला प्रोब पंप बंद पडला की कोरडा पडतो. पाइपला तिथे यू आकाराचे वळण द्या, म्हणजे पाणी अडून राहते आणि फुगा ओला राहतो.

प्रोब बदलायचा की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. कंट्रोलरवर मिलिव्होल्ट दिसत असतील तर ७ च्या बफरमध्ये आकडा शून्याच्या आसपास, फार तर ३० इकडे-तिकडे असावा. ७ आणि ४ मधले अंतर २५ अंश सेल्सियसला १७७ मिलिव्होल्ट असते. ते १५० च्या खाली गेले आणि साफ करूनही वर येत नसेल, तर प्रोब संपला. एकच जादा प्रोब ठेवा. स्वस्त मिळतात म्हणून चार घेऊन ठेवू नका, डब्यातही ते म्हातारे होतात.

बफरबद्दल थोडक्यात. आपल्या कामाला ४ आणि ७ पुरतात. १० ची बाटली घेऊ नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तीच लवकर बिघडते आणि आपण त्या टोकाला जातच नाही. प्रत्येक वेळी छोट्या कपात ३० मिलि ओता, वापरून टाकून द्या, बाटलीत परत ओतू नका. स्वस्त पेनांबरोबर येणाऱ्या पुड्यांवर बहुधा ६.८६ लिहिलेले असते, ७.०० नव्हे. यंत्र कोणता आकडा धरते आहे ते बघा, नाहीतर कॅलिब्रेशनमध्येच चूक मुरते. प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात बफरच्या गोळ्या मिळतात. डिस्टिल्ड पाण्यात गोळी विरघळवली की ताजा बफर, आणि तयार बाटलीपेक्षा खर्च कमी.

पायरी पाचवी: डोसिंग पंप आणि त्याची नळी

आपल्याकडे वापरात असतात ते बहुतेक पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे रोलर फिरून नळी दाबत पुढे ढकलणारे. मोटर वर्षानुवर्षे टिकते, नळी नाही. नायट्रिकला सिलिकॉनची नळी चालत नाही, ती चिरते. ॲसिडसाठी सँटोप्रिनची मागा, आणि ॲसिड पाच टक्क्यांपेक्षा जास्त तीव्र ठेवू नका. नळी टिकते, आणि गळलीच तर अपघातही लहान होतो. वर्षातून दोनदा, फाटण्याआधीच बदला.

एक सुरक्षा जवळजवळ फुकटात मिळते. डोसिंगच्या कॅनमध्ये एकदोन दिवसांपुरतेच ॲसिड ठेवा. प्रोब बिघडला आणि यंत्र रात्रभर पंप चालवत राहिले, तरी कॅन रिकामा झाला की थांबेल. १,००० लिटर द्रावणात १ मिलिइक्विव्हॅलंट क्षारता उरली असेल तर मूळ नायट्रिक अवघे ६७ मिलि जास्त पडले तरी ती संपते. वीस लिटरचा कॅन जोडून निर्धास्त झोपणे परवडणारे नाही.

यंत्रात दोन पंप असतील, एक ॲसिडचा आणि एक अल्कलीचा, तर जड पाण्याच्या शेतावर अल्कलीचा बंदच ठेवा. दोघे एकमेकांविरुद्ध चालतात आणि दोन्ही बाटल्या संपतात. एक डोस आणि पुढचा डोस यांत निदान दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवा, म्हणजे द्रावण मिसळायला वेळ मिळेल. प्रोब डोस पडतो तिथून लांब हवा.

पायरी सहावी: आता वर्षाचा हिशेब

१० गुंठ्यांचे पॉलिहाऊस, रोज १,००० लिटर नवे पाणी, क्षारता ६ मिलिइक्विव्हॅलंट, ॲसिड नायट्रिक. दर धरू असे: कंट्रोलर आणि पंप ४५,००० रुपये, आयुष्य ५ वर्षे. प्रोब ६,००० रुपये, दीड वर्ष. नायट्रिक ८० रुपये लिटर. वीज ८ रुपये युनिट. मजुरी तासाला ६० रुपये.

यंत्राची घट ९,०००. प्रोब ४,०००. आठवड्याला दोन्ही बफर मिळून ६० मिलि, म्हणजे वर्षाला तीन लिटरच्या वर, २,००० रुपये धरा. नळ्या १,२००. ॲसिड सुमारे १२२ लिटर, ९,७६०. आठवड्याला २० मिनिटे सफाई आणि कॅलिब्रेशन म्हणजे वर्षाला १७ तासांच्या वर, १,०४०. वीज: १० वॉटचा कंट्रोलर वर्षभर चालू ठेवला तर ८८ युनिट, ७०० रुपये. ‘यंत्र वीज किती खाते’ हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, आणि यादीत तीच रक्कम सगळ्यांत लहान आहे. फिरता पंप वेगळा, तो सामूच्या खात्यात धरू नका.

बेरीज २७,७०० रुपये. ३ लाख ६५ हजार लिटरला भागले की लिटरमागे साडेसात पैसे.

आता जमेची बाजू. त्या नायट्रिकमधून वर्षाला सुमारे २५ किलो नत्र पिकाला गेले. तेवढे नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून द्यायचे तर सुमारे १६५ किलो लागले असते. ५० रुपये किलो धरले तर ८,२५० रुपये. खतांचा फॉर्म्युला त्याप्रमाणे बदलला असेल तरच ही बचत खरी. न बदलता जुनाच फॉर्म्युला चालवला तर नत्र जास्त होते, पाने मऊ पडतात, आणि बचतही हातची जाते. बदलला तर निव्वळ खर्च सव्वापाच पैसे लिटरवर येतो. फॉस्फोरिक २५० रुपये लिटरने घेतले असते, तर नुसते ॲसिडच ३०,००० च्या वर गेले असते.

हेच काम हाताने केले तर? ५,००० रुपयांचा चांगला पेन दोन वर्षे, म्हणजे २,५००. बफर २,०००. ॲसिड तेच ९,७६०. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे म्हणजे वर्षाला १८२ तासांच्या वर, १०,९५०. एकूण २५,२१०.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. या आकाराच्या शेतावर यंत्र खर्च वाचवण्यासाठी घ्यायचे नसते. रात्री, सुट्टीच्या दिवशी, माणूस आला नाही त्या दिवशी सामू पट्ट्यात राहावा म्हणून घ्यायचे असते. घरचेच माणूस दोन्ही वेळ हजर असेल आणि येणारे पाणी आधी सुधारून घेतलेले असेल, तर मी पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नका असेच सांगेन. ते पैसे चांगल्या पेनात आणि पाणी सुधारण्याच्या टाकीत घाला. गच्चीवरच्या बागेला तर यंत्राचा विचारही नको. तिथे पेन, दोन बफर आणि विरळ ॲसिडची एक बाटली वर्षभर पुरते.

आरओची तुलना अनेकजण विचारतात. साठ टक्के पाणी हाती लागले तरी १,००० लिटरसाठी बोअरमधून १,६७० लिटर उपसावे लागते आणि ६७० लिटर खारट पाणी बाहेर टाकावे लागते. एप्रिल-मे महिन्यात बोअर दम टाकते तेव्हा हे जड जाते. फक्त बायकार्बोनेटची तक्रार असेल तर आरओ घेऊ नका, ॲसिड स्वस्त पडते. सोडियम, क्लोराइडही जास्त असेल तर घ्या, पण तीन भाग आरओचे आणि एक भाग बोअरचे असे मिसळा. ६ ची क्षारता दीडवर येते, सामूला आधार राहतो, ॲसिड नाममात्र लागते आणि आरओचे पडदेही जास्त दिवस जातात.

ॲसिडची खोली

चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, रबरी बूट, आणि हाताशी वाहते पाणी. सांडले तर खाण्याचा सोडा टाका, फसफसणे थांबेपर्यंत. नायट्रिकचा कॅन कोकोपीटच्या पोत्यांजवळ, भुशाजवळ, लाकडी फळीवर ठेवू नका. सेंद्रिय वस्तूंशी त्याचे जमत नाही, आग लागू शकते. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही ॲसिड एका खोलीत नको, विषारी क्लोरीन सुटतो. वाफांनी तांबे आणि सर्किट गंजते, म्हणून कंट्रोलर दुसऱ्या भिंतीवर, शक्य तर दुसऱ्या खोलीत. यंत्र तीन वर्षांत गेले अशी तक्रार ऐकली की मी आधी ते कुठे टांगले होते ते विचारतो.

नोंद कशी ठेवायची

भिंतीवर एक वही टांगा. तारीख, आलेल्या पाण्याचे लिटर, वापरलेले ॲसिड, सकाळचा सामू, आणि कॅलिब्रेशनच्या दिवशी ७ आणि ४ मधले मिलिव्होल्टचे अंतर. ॲसिड भागिले लिटर, हा आकडा दर आठवड्याला काढा. पाणी तेच असताना तो अचानक वाढला तर आधी प्रोबवर संशय घ्या, आणि पेनाने सामू ताडून बघितल्याशिवाय डोस वाढवू नका. मिलिव्होल्टचे अंतर महिन्यागणिक उतरताना दिसले की नवा प्रोब पंधरा दिवस आधी मागवता येतो, पीक उभे असताना धावपळ होत नाही.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि पाणी खोल गेल्यावर मेमध्ये एकदा बादलीची चाचणी पुन्हा करा. त्याच बोअरचे बायकार्बोनेट ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे ३३३ मिलिचा आकडा वर्षभर तसाच राहणार नाही. नवा आकडा वहीच्या पहिल्या पानावर, ॲसिड मोजणाऱ्या माणसाला दिसेल असा मोठ्या अक्षरात लिहा आणि जुना खोडून टाका.